खोडलेला आकडा

मुर्री, १२ मार्च २००८, संध्याकाळ

नात बीएस्सीला आहे. तिच्या केमिस्ट्रीच्या जर्नलात एक पान खाडाखोडीचं दिसलं, म्हणून मी फाडून टाकलं. आमच्या चौथीत खाडाखोड केली की छडी बसायची.

ती रडकुंडीला आली. "आबाजी, फाडलं काऊन? चुकलेलं रीडिंग एका रेघेनं खोडायचं, पण दिसलं पाहिजे. सर तेच पाहून मार्क देतात. साफ पान दिसलं का म्हणतात, नक्कल मारली."

उद्या प्रॅक्टिकल. पान शितांनी चिकटवलं, पण खोडलेला आकडा नेमका फाटलेल्या जागी. मला वाचता येतो. सरांना येईल? तिचे मार्क गेले तर? जेवलीही नाही.

शेवटी पानाखाली लिहिलं, "हे पान मी फाडलं, पोरीचा दोष नाही." सही केली. तारीख चुकली. एका रेघेनं खोडली, दिसेल अशी.