भरून आलेले डबे

केळशी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. भावेशदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र. माझी सुक्या जवळ्याची चटणी गावाला पसंत पडली आहे. तेवीस घरी स्टीलच्या डब्यांतून दिली, एकही डबा रिकामा परत आला नाही. कुणी आमसुलं घातली, कुणी पोहे. सगुणाआत्याने तर नारळाच्या वड्या! आता धंदा मोठा करायचाच. बाबा होडी विकून मला वाळवणाची शेड बांधून देणार आहेत. होडीला गिऱ्हाईक महिनाअखेर येतंय. तू नाट लावू नकोस.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
रुपाली

मुंबई,
९ नोव्हेंबर

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद.

वेडे, आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा कोण परत करतं? चटणी मांजराने खाल्ली असती तरी आत्याने वड्या घातल्याच असत्या. ती रीत झाली, पसंती नव्हे. घरची माणसं तुला वाईट सांगायची नाहीत, मीही नाही. म्हणून परक्यांना विचारू. माझ्या ऑफिसातल्या एकाची बहीण, शमिका, खाण्याच्या नव्या वस्तू लोकांना चाखायला देऊन त्यांची मतं गोळा करते. तेच तिचं काम. तीस बरण्या पाठव, नाव न लिहिता. तोवर होडीचा सौदा थांबवा. बाबांची हयात तिच्यावर गेली, मला धास्ती वाटते.

तुझं भलं चिंतणारा,
दादा

केळशी,
२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शमिकाताईंचे कागद मिळाले. तिसांपैकी चौघेच विकत घेणार. बाकीच्यांना तिखट झेपलं नाही, आणि बरणी उघडली की वास घरभर. वाचून रडले, खोटं कशाला बोलू? मग कागद बाबांना वाचून दाखवले आणि तुम्हाला तरी आवडली होती का, असं विचारलं. त्यांनी शिवायला घेतलेलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, की पहिल्याच घासाला जीभ पोळली होती, पण पोरीचा हिरमोड कसा करायचा. दादा, न आवडलेल्या चटणीसाठी ते होडी विकायला निघाले होते!

गिऱ्हाइकाला मीच नकार कळवला. धंदा मात्र सोडलेला नाही. तिखट निम्म्यावर आणलं, एका जेवणापुरत्या पुड्या केल्या. पहिली पुडी बाबांना वाढली आणि खरं सांगायची शपथ घातली. मीठ कमी आहे म्हणून त्यांनी ताट सरळ बाजूला सारलं. मला इतका आनंद झाला! मीठ वाढवून तीस पुड्या पाठवते आहे. शमिकाताईंना सांग, या खेपेला माणसं नवी हवीत.

लोभ हवाच, पण मत खरं दे.

तुझी,
रुपाली