फुगा ज्याच्या हातात, फोटो त्याचा

मी, कहकशाँ रफीक शेख, वय त्रेसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं आहे ते काळीज, आणि त्याच्या ऑपरेशनसाठी उद्या सकाळी मला नागपूरला नेणार आहेत. दबावाखाली लिहीत नाही, असं इथे लिहावं लागतं. दबाव आहे. तो माझा मुलगा जिशान, आत्ता दुकानात लोखंडी कपाटाला पाठ लावून बसला आहे. कपाटाची चावी माझ्या कमरेला आहे. संध्याकाळी पाच वाजता रिसॉर्टची गाडी येणार, त्याच्या आत त्याला ती हवी आहे. मी मात्र माझ्याच मनाने लिहिते आहे.

१. घर आणि दुकान. आमच्या शरीयतीप्रमाणे जिशान आणि माझी मुलगी नूरी यांचे जे हिस्से पडतील ते पडोत, त्यात मी कलम चालवत नाही. वारस नसलेल्याला मी एक तृतीयांशापर्यंत देऊ शकते. पुढे जे देते ते त्यातच बसतं. हे सगळं पार पाडायचं काम नूरीकडे. ती बल्लारपूरला असते, पण तिच्यासमोर कोणाची टाप नाही.

२. माझे दीर अजीम यांना काही नाही. माझे मालक रफीक गेले तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाच्या आत हे म्हणाले होते, "भाभी, बाईमाणसानं काळ्या कपड्याखाली डोकं घालून उभं राहणं बरं दिसते का?" आणि जाताना कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड उचलून नेलं. ते परत मागावं. आमच्या घरी त्यावर ओले टॉवेल वाळत नव्हते.

३. आता कामाचं. दुकान चाललं ते पासपोर्ट फोटोंवर, लग्न जमवायच्या फोटोंवर आणि मयतांच्या फोटोंवर. मयताचा फोटो म्हणजे कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्या माणसाचं मुंडकं कापायचं, त्याला कोट चढवायचा आणि मागे निळं आभाळ लावायचं. मी ते नेटाने केलं, त्यावर दोन लेकरं शिकली. पण दिवसभर "हनुवटी खाली, हसा जरा" म्हणून म्हणून मला माझ्याच आवाजाचा वीट आला. म्हणून गुरुवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, रफीकचा जुना रोलवाला कॅमेरा घेऊन मी जंगलातल्या गावांकडे जायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. आठवड्यातला तेवढा एक दिवस माझा होता, आणि त्यासाठी मी घरात सगळ्यांशी भांडले.

पहिल्याच गावात रुखमाबाईने मला थांबवलं. म्हणाली, "तू काऊन दाबतेस? मी तयार झाली का नाई, तुले काय मालूम?" माझ्याकडे लांब नळीचा रबरी फुगा होता. तो दाबला की दुरून फोटो निघतो. मी तो तिच्याच हातात दिला. बाई फुगा धरून बसून राहिली. धाकटी बहीण मोहफुलं वेचायला गेली होती, ती टोपली घेऊन आली, शेजारी टेकली, तेव्हा कुठे रुखमाबाईने दाबला. तेव्हापासून माझी हीच रीत. कॅमेरा मी लावायचा, फुगा त्यांच्या हातात. डोमा म्हाताऱ्याला बसून बसून कंटाळा आला, तो उठला आणि चालता चालता दाबून गेला. फोटोत रिकामी खाट आणि त्याची पाठ आहे. अल्लाची शपथ, एवढा चांगला फोटो मी आयुष्यात काढला नसता.

४. रुखमाबाईचं ते गाव आता तिथे नाही. वाघांच्या जंगलातून उठून चिमूरच्या रस्त्याला येऊन बसलं आहे. जुनी घरं राहिली ती फक्त या फोटोंत. रिसॉर्टवाल्यांना ते हवेत, जेवणाच्या मोठ्या खोलीत लावायला. जिशानने मोबाईलवर चार-पाच दाखवले आणि मला न विचारता शब्द देऊन बसला.

त्याचं म्हणणंही लिहिते, नाहीतर म्हणेल अम्मीने एकतर्फी लिहिलं. "अम्मी, कपाटात सडून राह्यले ते. मोठमोठे लोकं पाह्यतील. तुझं नाव होईल." नाव व्हावं असं मलाही वाटतं. मी काही लाकडाची नाही. त्या रात्री मला खरंच झोप आली नाही, भिंतीवर माझे फोटो दिसत राहिले. सकाळी उठून मी रुखमाबाईकडे गेले आणि विचारलं.

ती म्हणाली, "अनोळखी लोकं माह्यासमोर बसून जेवतील, अन् मी पाह्यत राहू? मी कोणाच्या घरी जेवणाच्या टायमाले जात नाई, बाई."

संपलं. मृत्युपत्रात माणूस स्वतःचंच देऊ शकतो. हे फोटो माझे नाहीत. ज्यांनी फुगा दाबला त्यांचे आहेत. म्हणून ते मी कोणालाही देत नाही, आणि जिशाननेही देऊ नयेत.

५. कपाट आणि त्याची चावी जिशानला, त्याच्याच हिश्श्यात. बेटा, हे वाचून झालं की उघड. आत काही नाही. शेजारचे फ्रेमवाले बापूराव यांनी प्रत्येक फोटोची फ्रेम बांधली, मागच्या पुठ्ठ्याआड त्याचीच निगेटिव्ह ठेवून खिळे मारले. ज्याची त्याच्या घरी पोचली. गेला महिनाभर तू रिकाम्या कपाटाची राखण करून राह्यला आहेस. फ्रेमा तुझी बायको शिरीन घेऊन गेली, तुझ्याच स्कूटरवर, माझ्या सांगण्यावरून. त्यावरून तिला एक शब्द बोललास तर मी कबरीतून उठून येईन.

६. कॅमेरा आणि फुगा सून शिरीनला. ती दिवसभर कंप्युटरवर नवऱ्या मुलींच्या तोंडावरचे फोड पुसते. गुरुवारही तिलाच देते. त्या दिवशी तिला स्वयंपाक सांगू नये.

७. उरला माझा फोटो. मी गेले तर पेपरात द्यायला तुम्ही नूरीच्या लग्नातल्या घोळक्यातून माझं मुंडकं कापाल. मीच हा धंदा करते, मला शिकवू नका. सही झाल्यावर मी स्टुलावर बसेन. फुगा माझ्या हातात राहील. मनात आलं तर दाबेन. नाहीतर माझा फोटो नाही, आणि कोणी तो बनवू नये.

सही: कहकशाँ रफीक शेख
ठिकाण: सिंदेवाही. गुरुवार, दिनांक ६ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १. मी बापूराव, फ्रेमवाला. बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे जे झालं तेही लिहून ठेवा असं बाई म्हणाल्या, म्हणून लिहितो. बाईंनी कमरेची चावी दिली, जिशानने कपाट उघडून पाहिलं. शिरीनकडे पाहिलं. शिरीनने कॅमेरा लावला. बाई स्टुलावर बसल्या, पण दाबेनात. बाहेर रिसॉर्टच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. मी म्हटलं, "बाई, दाबा ना आता." त्या म्हणाल्या, "थांबा भाऊ, माझी तयारी नाई झाली अजून." हॉर्न पुन्हा वाजला. जिशान उठून बाहेर गेला. बाईंनी डोळे मिटून घेतले. गाडी सुरू होऊन गेल्याचा आवाज आला. मग जिशान आत आला, दार लावलं आणि बाईंच्या स्टुलापाशी खाली जमिनीवर बसला. तेव्हा बाईंनी फुगा दाबला.
सही: बापूराव

साक्षीदार २. वरील मजकूर माझ्यासमोर झाला, खरा आहे.
सही: ललिता, अंगणवाडी सेविका