वस्तू उलटी करून पाहू देण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डाव्या डोळ्याने धूसर दिसते. पण डोके जागेवर आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट दोघातिघांनी "आत्ताच कशाला, अजून वेळ आहे" असे म्हणून मला थांबवायचाच प्रयत्न केला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. जुन्या वह्यांच्या मागे कुठे काही खरडलेले सापडलेच, तर ते रद्द समजावे. सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर घेतले आहेत. इथे मी माणसांना रोजच्या हाकेने लिहिते; तसे लिहिले की खोटे लिहिणे जड जाते.

कलम १. माझी मालमत्ता अशी: राहते घर, ज्याच्या पुढच्या भागात माझे बांधणीचे दुकान आहे, बँकेतली ठेव, आईच्या दोन बांगड्या, धंद्याची हत्यारे. घर वडिलांनी माझ्या नावावर केले आणि भावाला त्याच वेळी त्याचा वाटा रोख दिला. त्याची पावती लोखंडी कपाटात आहे. घर माझ्या एकटीच्या मालकीचे असून त्यावर कोणाचा बोजा नाही.

कलम २. ठेव आणि बांगड्या माझ्या मुलीला. तिचा वाढदिवस नेमका आमच्या कारागीर संघाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आठवड्यात यायचा, आणि माझ्या हातून तो एकदाही धड साजरा झाला नाही. सहाव्या वाढदिवसाला ती मंडपात खोक्यावर बसून मेणबत्तीवाल्याने दिलेली मेणबत्ती फुंकत होती, आणि मी फाटकापाशी टेम्पोवाल्याशी भांडत होते. तिने हे कधी बोलून दाखवले नाही, म्हणून मला ते जास्त लागते. घर संघाला द्यायचे मनात आहे असे फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "दे आई. घराची एक किल्ली निम्मं आयुष्य त्यांच्याकडेच होती. मला घर मिळालं तर आधी त्या सगळ्यांना बाहेर काढावं लागेल, आणि ते मला जमणार नाही." असे बोलणारी मुलगी मी वाढवली की ती आपली आपण वाढली, हे मला ठरवता येत नाही.

कलम ३. धाकट्या भावाला खळ शिजवायचे पितळी पातेले. त्याला कारण समजेल, इतरांसाठी लिहिते. कारागीर संघ काढला त्या वर्षी आम्ही अकरा जण होतो आणि पहिले प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होते. जाहिरात करायला आमच्याकडे माझ्या खळीशिवाय काही नव्हते. मी आणि माझी मैत्रीण माई दोन दिवस गावभर फिरून खांबाखांबावर हाताने रंगवलेले कागद चिकटवत होतो. भाऊ तेव्हा नगरपालिकेत होता. तक्रार त्याच्याच टेबलावर आली आणि कागद काढायचे काम त्याच्याच माणसांवर पडले. तीन दिवस खरवडूनही ते निघाले नाहीत, कारण पुस्तक पन्नास वर्षे धरून ठेवणारी खळ होती ती. तो घरी येऊन म्हणाला, "तुझा हा रिकामटेकड्यांचा क्लब माझी नोकरी घालवणार." रिकामटेकडे हा शब्द मी चौतीस वर्षे धरून ठेवला होता. आज सोडते. पातेले घासून द्यावे.

कलम ४. कागद कापायचे यंत्र, पुस्तके दाबायचे दोन शिकंजे, दाभण, घडी बसवायच्या हाडाच्या पट्ट्या आणि उरलेले कापड शाळेच्या ग्रंथपालबाईंना. त्या फाटकी पुस्तके चिकटपट्टीने जोडतात. हत्यारे मिळाली की ते थांबेल अशी आशा आहे.

कलम ५. घर, दुकानासह, कारागीर संघाला, कायमच्या प्रदर्शनगृहासाठी. यामागे एक अट आहे आणि तिच्यामागे एक हकिगत. वकीलबाई म्हणाल्या, "हकिगत मृत्युपत्रात लिहायची गरज नसते." मी म्हटले, हकिगत नसेल तर अट कोणी पाळणार नाही.

माई वेतकाम करते. संघाची सभासद क्रमांक दोन. क्रमांक एक मी, कारण वही माझ्याकडे होती. मी बरी कारागीर आहे, बरी म्हणजे पान निसटणार नाही एवढी. माईचे काम मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कळले की माझे आयुष्यातले खरे काम अशा माणसांना लोकांसमोर नेऊन उभे करणे हे आहे. ती खुर्चीची बैठक विणते तेव्हा वेताच्या पट्ट्या आडव्या, उभ्या, तिरक्या जातात आणि मधे आठ कोनांची भोके उरतात. शंभर भोके असतील तर शंभरही सारखी. मी एकदा पट्टीने मोजली होती. ती म्हणाली, "मोजून झालं की पाणी दे, वेत वाळतोय."

आठव्या प्रदर्शनाच्या वर्षी आम्हाला कायमची जागा मिळायची शक्यता निर्माण झाली. सरकारी खात्याचे मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते. प्रदर्शन त्यांच्या नजरेत भरले तर बंद पडलेल्या गोदामाची इमारत संघाला मिळेल, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले होते. मी सहा महिने तेवढ्यासाठीच जगत होते. पत्रकांवर माईच्या मोठ्या आरामखुर्चीचे चित्र छापले, आणि खुर्ची तर अजून अर्धीच होती. त्या वर्षी वेत उशिरा आला आणि आला तोही आखूड. माई म्हणाली, "खुर्ची या वर्षी नको. पुढच्या वर्षी ठेवू." मी म्हटले, "पत्रकावर छापलीय. उद्घाटनाला ती हवीच, मला काही सांगू नकोस." मी तिच्या दारात रोज जाऊन उभी राहत असे.

खुर्ची वेळेवर आली. पाहुणे तिच्यात बसले, फोटो निघाले आणि पहिले बक्षीस तिलाच जाहीर झाले. माई मंचावर गेली. बक्षीस घेण्याआधी तिने पाहुण्यांना नमस्कार केला, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यांसमोर उलटी ठेवली. मग ध्वनिक्षेपकाशिवाय, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलली.

"इथे खाली तीन पट्ट्यांना मी गाठ मारलेली नाही. पट्टी कमी पडली म्हणून गोंद लावला आणि वरून काठाची पट्टी फिरवली. बसणाऱ्याला दिसत नाही. वर्षभरात सुटेल. ही खुर्ची बक्षिसाची नाही, आणि विकायचीही नाही."

पाहुण्यांनी विचारले, "मग मांडलीत कशाला?"

ती म्हणाली, "घाई केली. माझीच चूक."

घाई माझी होती. मी मंचावर तिच्यापासून चार पावलांवर, हातात शाल घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचे होते, ते माझ्या तोंडातून निघाले नाही. पाहुणे चहा न घेता गेले. गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि मी, जिच्यामुळे हे घडले त्या मीच, माईशी बोलणे बंद केले. चार वर्षे. तिचे अर्ज टपालाने यायचे, मी तिला गाळा टपालानेच कळवायचे. तिचा गाळा मी मुद्दाम कोपऱ्यात, खांबाआड द्यायचे, हेही लिहून ठेवते. तिने एकदाही तक्रार केली नाही. त्या खांबाआड तिच्यासमोर रांग लागायची.

बाराव्या प्रदर्शनात एक म्हातारे जोडपे लांबून बस बदलत आले. नवरा सुतार होता. त्याने लाकडी कातकामवाल्याच्या गाळ्यावरचा वाडगा उचलला, उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला आणि बायकोला म्हणाला, "घे." मी सहज विचारले की इतक्या लांबून कसे आलात. तो म्हणाला, "चार वर्षांपूर्वी इथे एका बाईनं स्वतःची खुर्ची उलटी केली होती. आमच्याकडे अजून बोलतात लोक त्याबद्दल. जिथे माणसं असं करतात तिथे डोळे झाकून घ्यावं. आणि तरी उलटं करून बघावं." त्याच्या बायकोने त्याला कोपर मारले आणि दोघे हसले.

मी भोवताली पाहिले. निम्मे लोक वस्तू उलट्या करून बघत होते आणि कारागीर त्यांना बघू देत होते, काही तर स्वतःहून दाखवत होते. आमच्या प्रदर्शनाचे नाव झाले होते, आणि ते माझ्या पत्रकांनी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर माईकडे गेले. ती जमिनीवर बसून विणत होती. तिने वर पाहिले नाही.

"माई, आत येऊ?"

"चार वर्षं लागली तुला जिना चढायला," ती म्हणाली. "बस. वेत भिजलाय, हात थांबवता येत नाहीत. ते टोक धर."

मी टोक धरले. ती खुर्चीचा विषय काढेल म्हणून मी तासभर वाट पाहिली. तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या वर्षी तिला दारासमोरचा गाळा दिला. ती म्हणाली, "इथे वारा फार आहे," आणि खांबाआड परत गेली. त्यानंतर आम्ही बावीस वर्षे रोज बोललो आणि जे बोलायचे ते बोललो नाही. म्हणून इथे लिहिते: खुर्चीची घाई माझी होती. माईने दोष स्वतःकडे घेतला. मी तो तिच्याकडे राहू दिला. हा कबुलीजबाब संघाच्या पुढच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचावा.

आता अट. हल्लीच्या अध्यक्षांनी पुष्कळ केले आहे. छत, वीज, स्वच्छतागृहे ही त्यांची कामगिरी, आणि ते सभेत ओरडत नाहीत, हा आमच्या संघातला दुर्मीळ गुण. पण कारखान्यातून तयार माल आणून विकणाऱ्यांना गाळे द्यावेत, म्हणजे प्रदर्शन दुप्पट होईल, असे त्यांना वाटते. होईलही. माझ्या घरात मात्र ते होऊ नये. या घरात जी वस्तू मांडली जाईल तिच्याजवळ ती बनवणारा माणूस स्वतः उभा असावा, आणि येणाऱ्या कोणालाही, विकत घेवो न घेवो, त्याने ती उलटी करून पाहू द्यावी. ही अट मोडली तर घर शाळेला जावे. अध्यक्षांना मी हे तोंडावर सांगितले आहे. ते म्हणाले, "बाई, घर लहान पडेल." मी म्हटले, पडू दे.

कलम ६. घराच्या मागची उत्तरेकडची खोली, जिथे दिवसभर सारखा उजेड असतो आणि दारातच नळ आहे, माझ्या पश्चात माईला हयातभर वापरायला मिळावी. वेत भिजवायला ती या वयात तीन मजले पाणी चढवते. (हे कलम रद्द. खाली पाहावे.)

कलम ७. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. संघाच्या सभांचे इतिवृत्त मी चौतीस वर्षे लिहिले आहे. त्या वेळेवर सुरू होत नाहीत आणि संपतही नाहीत. प्रदर्शन चालू असताना मी गेले तर ते बंद ठेवू नये. फार तर माझ्या गाळ्यावर पाटी लावावी की मालक जागेवर नाही. इतिवृत्ताच्या वह्या मी स्वतः बांधल्या आहेत. त्या कोणी घरी नेऊ नयेत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या कानातले चांदीचे लटकन आमच्याच प्रदर्शनातून घेतात आणि घासाघीस करत नाहीत, यापलीकडे आमचे काही नाते नाही.

दुरुस्ती, सहीआधी. आज सह्यांसाठी दुकानात आम्ही चौघे जमलो: मी, वकीलबाई, घंटा ओतणारे काका आणि माई. काकांना कमी ऐकू येते, म्हणून मी सगळे मोठ्याने वाचले. कलम पाच वाचताना माई खिडकीबाहेर पाहत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुझ्या हातात ती शाल थरथरत होती."

मग वकीलबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे शंका काढल्या जातात; तेव्हा माईऐवजी दुसरे कोणी बघा. माईने मला विचारले, "ही खोली मला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"तोवर तिथे काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहे."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," माई म्हणाली. "तू जायची वाट बघत बसू का? द्यायची तर आत्ता दे, आणि ते कलम काढ. सही मला करायचीय."

वकीलबाईंनी खोलीच्या हयातभर वापराचा वेगळा कागद तिथल्या तिथे केला. तो आजपासून लागू आहे आणि माझ्यानंतर संघावरही बंधनकारक आहे. म्हणून कलम सहा मी स्वतःच्या हाताने रद्द केले आहे. माई सोमवारी सामान आणते आहे. खोली झाडून घ्यायला माझ्याकडे एकच दिवस आहे, तेव्हा इथेच थांबते.

वरील सर्व मी वाचले, समजले आणि राजीखुशीने सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, शिकंज्याशेजारचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार, सकाळी अकरा

(सही) मृत्युपत्र करणारी, पुस्तकबांधणी

साक्षीदार पहिले: (सही) घंटा ओतणारे, वय सत्तर. सगळे ऐकू आले.

साक्षीदार दुसरी: (सही) वेतकाम करणारी, वय अठ्ठ्याहत्तर. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही.