यानचा जामीन

१४ जून १९४८

भट्टीवरच्या माझ्या परदेशी उस्तादाचा, यानचा पगार साडेसातशेवरून अडीचशेवर! काचकारखाना आता संस्थानच्या दरबारचा नाही, सरकारचा — म्हणून पगारही सरकारी. वर नवे साहेब दौलतसिंह म्हणतात, "जाएगा कहाँ?"

खरंच, जाणार कुठे? कारखान्याने हमी काढून घेतली की इथे राहण्याचा परवाना गेला. त्याच्या देशात, झेकोस्लोव्हाकियात, फेब्रुवारीत कम्युनिस्टांचं राज्य आलं, सगळं उलटंपालटं झालं. परतला तर सरळ तुरुंग. यानने शांतपणे ऐकलं आणि भट्टीकडे गेला. मलाच संताप आवरेना.

१५ जून

साहेबांनी एकट्याला बोलावलं. "रमाकांत, तुम लाल सीख लो। जिस दिन तुम्हारे हाथ से लाल निकली, उस दिन फिरंगी की छुट्टी। उसकी कुर्सी तुम्हारी।"

रेल्वेच्या दिव्यांची लाल काच इथे फक्त यानला येते, असं सगळे समजतात. मला होळीपासून येते. सुट्टीत भट्टीवर एकटा असताना जमली. यानला दाखवून चकित करायचं होतं. बरं झालं बोललो नाही!

२ जुलै

आज सगळ्यांसमोर लाल करायला बसवलं. मुद्दाम जास्त तापवली. झाली विटकरी. यानने खांद्यावर हात ठेवला — "कल फिर।" जरासुद्धा चिडला नाही. लाज वाटली.

१९ जुलै

पुन्हा विटकरी.

८ ऑगस्ट

पद्मा आज वैतागली. "अहो, शेजारच्या शांताताई विचारत होत्या, तुमच्या ह्यांना अजून जमेना का? काय सांगू मी?" सांग, नवरा ढ आहे. खऱ्या कारणाची वाच्यता झाली तर आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातून ते साहेबांपर्यंत पोचायला कितीसा वेळ!

बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "यानसारखा गुरू मिळून..." एकोणचाळीस साली दरबारचे अधिकारी म्हणून त्यांनीच यानला इथे आणलं. त्यांच्यासमोर नालायक ठरणं सगळ्यात जड जातं.

यानने सायकल विकली. शिंदे की छावणीतल्या घरून पायी येतो. मला लाल जमली तर तो तुरुंगात, नाही जमली तर असा झिजतोय. आणि मी? दोन्हीकडून दार बंद. रोज उठून काच नासवायची, हीच माझी नोकरी!

३ सप्टेंबर

घरी थानेदार! परदेशी माणसांची चौकशी करत फिरतोय. बाबा आधी आत जाऊन पगडी घालून आले, मग भेटले.

थानेदार म्हणाला, "माधवरावजी, यान साहब की जमानत तो आपके नाम है। कारखाने का इसमें कुछ नहीं। वो कहीं भी काम करे, बस आप हमें ख़बर कर दीजिए।"

मी बाबांकडे बघतच राहिलो. तेव्हा खात्याच्या वतीने सही करायची होती, हे स्वतःच जामीन राहिले! विचारलं तर उलट माझ्यावरच रागावले — "दरबारचं काम म्हणजे घरचंच. दुसऱ्या कुणाचं नाव घालणार होतो?" आजवर त्यांना यात काही वेगळं केलंय असं वाटलंच नव्हतं.

म्हणजे साहेबांच्या हातात काहीच नाही! फिरोजाबादचा काचकारखानेवाला शेठ यानला केव्हाही सहाशे देईल. यान मोकळा, मीही मोकळा. पद्माला सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "एवढे दिवस एकटेच सोसलंत!" उद्या कारखान्यात शिरल्या शिरल्या यानला सांगतो.

४ सप्टेंबर

सांगितलं. यान हसला.

"मालूम है। पहला दिन से। माधवराव ने मेरे सामने दस्तख़त किया। फिरोजाबाद का सेठ दो बार आया।"

"मग गेला का नाहीस?" घाईत मराठीतच ओरडलो. त्याला कळलं.

"तुमको लाल नहीं आता। मैं जाएगा तो भट्टी बंद। इतना आदमी का रोटी बंद।"

मी फुंकनळी उचलली. पहिल्याच खेपेला लाल काढली.

यानने ती काच उजेडाला धरली. माझ्याकडे न पाहताच त्याने विचारलं, "कब से?"