वरच्या गल्लीतल्या काचा

६ जुलै
वरची गल्ली चढून आले. गुडघे आता उघडउघड बंड करतात. निवृत्तीनंतर हे झेंगट मीच गळ्यात घेतलं – नगरपालिकेला फुकट माणूस हवं होतं आणि मला स्वस्थ बसवत नव्हतं. काम सोपं. भिंतीला तडा असेल तिथे आडवी काचेची पट्टी लिंपायची. भिंत सरकली की काच तडकते. शिंप्याच्या घरातली आज तडकलेली. म्हणजे टेकडी हलते आहे!

शेवटचं घर ताईचं. तिची काच अखंड, लख्ख पुसलेली.
"झाली तपासणी, मास्तरीणबाई? आता बूड टेक."

९ जुलै
नगरपालिकेत सभा. मी जुनं सगळं पुन्हा सांगितलं – पुराने दोनदा नेलेला बाजार, भूकंपात फुटलेली पाण्याची टाकी, आमच्या लहानपणी दवाखान्यासकट खाली आलेली टेकडी. मागच्या बाकावरून आवाज – "ते तेव्हाचं हो, बाई!" मग चहा आला. विषय संपला.

११ जुलै
नगरपालिकेचे इंजिनिअर म्हणाले, ताईंची काच शाबूत आहे तर त्या घराखाली कातळ असणार. शिंप्याचं बिऱ्हाड तिथेच हलवू या. मी हो म्हणाले. माझ्या शब्दावर शिंपी, त्याची बायको, दोन मुली आणि शिलाई मशीन ताईकडे गेली. ताई खूश. "घरात चार माणसांचा आवाज आला बाई!"

१४ जुलै
पाऊस. कंटाळा. काही लिहिण्यासारखं नाही.

१८ जुलै
नव्या पट्ट्या कापून घ्यायला फ्रेमवाल्याकडे गेले. तो हसत म्हणाला, "तुमच्या ताईंना सांगा, या खेपेला जाड काच देतो. किती वेळा फोडतील!"

मला हसू आलं नाही. तशीच टेकडी चढले.

"ताई, काच किती वेळा बदललीस?"
"तडकली की बदलते. तू येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? एवढंसं जाळं दिसलं तरी तुझा चेहरा बघवत नाही!"
"अगं, तडकलेलीच तर बघायची असते मला!"
"मग तसं सांगायचं होतंस. तू येतेस, डोळे वटारून बघतेस आणि जातेस."

सांगितलं नव्हतं, हे खरं. कळत असेल असं धरून चालले होते. आणि त्या भरवशावर दोन लेकरं त्या भिंतीखाली झोपत होती!

गल्लीतली सगळी दारं ठोठावून माणसांना खाली उतरवलं; ताई आणि शिंप्याचं बिऱ्हाड माझ्या घरी. शिंपी मशीन सोडेना – "मी मागे राहतो, बाई, पण हे मशीन नको." ओरडले त्याच्यावर. मग त्याने एकीकडून धरलं, मी दुसरीकडून. अर्ध्या वाटेवरून ताई मागे वळली. कशाला? कुलूप लावायला! हाताला धरून ओढत आणली.

१९ जुलै
सकाळी टेकडी उतरली. वरची गल्ली नाही. माणसं सगळी आहेत.
ताई खिडकीतून बघत उभी होती. म्हणाली, "ओटा कालच घासला होता गं."

२१ जुलै
इंजिनिअर येऊन गेले. मातीचा ढीग माझ्या मागच्या भिंतीला टेकला आहे. "आता पहिलं घर तुमचं, बाई. आजच निघा."
मी ताडकन म्हणाले – माझं घर मजबूत आहे!
ताईने माळ्यावरून माझी बॅग खाली काढली.