एनॉसची बोट, धुक्यासह

३ मे, सकाळ
पोस्टातून रिटायर होऊन तीन दिवस झाले. आजपासून चित्रकला. मेहुणा एनॉस तीस तारखेला त्याची मासेमारीची बोट ‘हिल्डा मे’ विकतोय. निरोपाच्या जेवणाला त्याला चित्र द्यायचं: पहाटेचं लुननबर्ग बंदर, बोटी, वातावरण, सगळं. पंचवीस वर्षं हा मला तिकिटं चाटणारे दाजी म्हणतोय. आता बघेल.

६ मे
चित्रकलेच्या क्लासच्या मिस कॉर्कम म्हणाल्या, महिनाभर नुसत्या बादल्या काढा. मी बादल्यांसाठी आलेलो नाही. क्लास बंद.

१२ मे
तीन बोटी झाल्या. धक्क्यावर नेऊन दाखवल्या. एनॉस म्हणाला, नांगरलेल्या बोटी वाऱ्याकडे तोंड करतात दाजी, तुमच्या तिघींचं भांडण झालंय का? कोळ्यांना कला कळत नाही. दोन बोटींवर धुकं घातलं.

१९ मे
केबिनही चुकलंय म्हणे. आणखी धुकं. धुकं मला उपजतच येतं.

२३ मे, दुपारी ४
डोलकाठी झकास. फक्त वर कागद संपला. झेंडा जरा खाली घेतला, उलट तोल साधला. बायको विचारत होती, झेंडा तिथे कसा. म्हटलं व्हर्ना, मी तुझ्या माशाच्या सुपात नाक खुपसतो का?

३० मे, रात्री
निरोपाच्या जेवणाला हॉलमध्ये चित्रावरचं कापड काढलं. सगळे उभे राहिले. एकेकाने टोपी काढली. एनॉसच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी. पहिल्याच चित्राला.

३१ मे
व्हर्नाने चहाबरोबर सांगितलं. झेंडा अर्ध्यावर ठेवून बोट आली, की बोटीवरचं कुणीतरी समुद्रात दगावलं. हे मला माहीत नाही का? जन्म इथे गेला. पण मी कागदाची कड बघत होतो. जेवत्या माणसासमोर त्याचं मरण मांडून आलो. फार लाज वाटली. माफी मागायला गेलो.

एनॉस पोट धरून हसला. म्हणाला, दाजी, बोटी चुकल्या, वारा चुकला, धुक्यात माझी बोट शोधायला कंदील लागेल. झेंडा तेवढा बरोबर. काल बोट गेली, थोडा मीही गेलोच. चित्र त्याने खिडकीशेजारी लावलंय. मला भरून आलं.

झेंडा मुद्दामच अर्ध्यावर घेतला होता, असं उद्यापासून सांगायचं.

१ जून
कागद कमी पडल्याचं व्हर्नाने कालच गावभर सांगितलंय. मिस कॉर्कमना फोन केला. बादली घेऊन या म्हणाल्या.