कल्याणचं पाकीट

म्हसा, ता. मुरबाड
१२ सप्टेंबर २०२४

चि. काळूराम यास गिरजाताईचे अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हो-हो करतोस आणि विसरतोस. गणपतीला माहेरी आलेली तुझी लेक अक्षदा तिथेच ठेवून घे. माझ्या आदेशशी तिच्या लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. दर महिन्याला दोघं कल्याणला जातात, विचारलं तर दात दुखतो म्हणतात. चार वर्षं कसले दात दुखतात?

तिच्या पेटीत साड्यांखाली हे पाकीट सापडलं. इंग्रजी मला वाचता येत नाही आणि गावात कुणाला दाखवलं तर बभ्रा होईल, म्हणून तुलाच पाठवते. मुलीत खोट आहे हे तुला लग्नाआधी ठाऊक होतं का? सख्ख्या बहिणीला फसवलंस, असं मनात येतं. दिवाळीनंतर मी आदेशसाठी दुसरी बघणार.

राग आला तरी उत्तर धाड.
तुझी ताई

खर्डी, ता. शहापूर
१८ सप्टेंबर

ती. गिरजाताईस काळूरामचा सा. न.

पाकीट मिळालं. खरं सांगतो, आधी मीही अक्षदालाच दटावलं. मग आपल्या भाग्यश्रीला वाचायला दिलं, ती नर्स आहे. तिने आधी वरचं नाव वाचलं. ताई, कल्याणच्या दवाखान्यातला हा तपासणीचा कागद आदेशचा आहे.

पुरुषाच्या अंगात एक्स आणि वाय अशी एकेक गुणसूत्रं असतात. आदेशला एक एक्स जास्त आहे, जन्मापासूनच. त्यात तुझी चूक नाही, त्याचीही नाही. भाग्यश्री म्हणते, अशी माणसं चारचौघांसारखीच असतात, फक्त मूल होणं अवघड जातं. त्यावर उपचार आहेत, थोडी आशाही आहे.

पण आता मलाच संशय येतो. तुला खरंच काही माहीत नव्हतं? की दोष माझ्या पोरीच्या माथी मारून मोकळं व्हायचं होतं?

माया कमी झालेली नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.
तुझा काळूराम

खर्डी
२९ सप्टेंबर

ती. आत्यांस अक्षदाचा शि. सा. न.

तुमचं रडत लिहिलेलं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं आहे. पाकीट लपवायला मला आदेशनेच सांगितलं होतं. वाटलं, लाजतो आहे, सावकाश सांगेल. एक एक्स जास्त म्हणून तो मला कधी कमी वाटला नाही.

पण तुम्ही मला वांझ म्हणालात, तेव्हा तो समोर जेवत होता. त्याने मान वर केली नाही. आणखी भात मागितला, आणि मी वाढला. ते मला अजून सहन होत नाही.

रविवारी न्यायला येते म्हणता. या, जेवून जा, मी वाट बघते. पण तुमच्याबरोबर मी निघणार नाही. न्यायला त्याने यावं आणि बाबांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं. तो येईल याची मला खात्री नाही.

तुमची भाची,
अक्षदा
(सून म्हणून सही तो आल्यावर करीन.)